श्रीमंतचा लसूणघास

मोडनिंबला गोजरबाईचं रान आणि श्रीमंतचं रान यांच्यामध्ये एकच बांध. गेल्या वर्षी भर सकाळी, मधमाश्या फुलांवर असताना, श्रीमंतनं औषध फवारलं. "सांजच्याला मार," असं गोजरबाई आदल्या दिवशीच सांगून आली होती. दुपारपर्यंत तिच्या मधमाश्यांच्या पाचही पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा सडा पडला. सूपभर गोळा करून तिनं त्याला दाखवायला नेल्या, तर तो हसला. "माश्याच की त्या, आक्का! तेराव्याला जेवाय येऊ का?"

गोजरबाई सूप घेऊन घरी आली. झोप मात्र वर्षभर धड लागली नाही.

यंदा श्रीमंतनं जनावरांच्या चाऱ्याचा दोन एकर लसूणघास न कापता बियाण्यासाठी राखला. गोजरबाईनं बांधालगतच्या पट्टीत धने पेरले, तेही दोन्ही पिकं एकदम फुलतील अशा बेतानं. नव्या पेट्याही आणल्या.

"बरं केलंस आक्का," श्रीमंत खुशीत म्हणाला. "तुझ्या माश्यांनी माझ्या शेंगा फुकटात धरतील की!"

"बघू की," ती म्हणाली.

माघात दोन्ही रानं फुलली. घास जांभळा झाला, पण शेंग धरेना. श्रीमंत धावत आला. "आक्का, माझ्या घासात माशी बसंना!"

तिनं त्याला बांधावर बसवलं, घासाचं एक फूल तोडलं आणि काडीनं त्याची पाकळी दाबली. आतला दांडा टणकन उसळला.

"बघितलंस? फूल मिटलेलं. मधासाठी माशीनं दाबलं, की दांडा तिच्या तोंडावर बसतो. तवाच पराग लागतो, शेंग धरती. पण मार कोण खाईल? एखादी येती, ती बगलेतनं सोंड घालून मध वढती. दांडा उसळत न्हाय, शेंग न्हाय. आन् ही कोथिंबिरीची फुलं बघ. ताटासारखी उघडी. माशी बसली की पोट भरतंय."

श्रीमंत धन्याच्या पांढऱ्या फुलोऱ्याकडं बघत राहिला. तिथं नुसती गुणगुण चालली होती.

"म्हंजे तू मुद्दाम पेरलंस?"

"व्हय."

"उपट की गं आक्का! पाया पडतो."

"न्हाय."

"मग माझ्या घासाचं काय करू?"

"काप. म्हशीला घाल."

तिसऱ्या दिवशी श्रीमंतनं विळा लावला. गोजरबाई बांधावर येऊन बसली, आणि शेवटचा वाफा कापून होईपर्यंत हलली नाही.