ढोलीतला कॉम्प्युटर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करतो. १९८९च्या ऑगस्टात आमच्या बियाणे संस्थेचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर इसरूला काढून टाका असा अर्ज वरिष्ठांना लिहून खिशात ठेवला. इसरू आमचा चौकीदार. बारा वर्षं रोजंदारीवर राबून तो त्या दिवाळीला कायम होणार होता.

कॉम्प्युटर मांडीवर मावणारा, घडीचा. सिंदेवाहीकडे तसा दुसरा कोणी पाहिलाही नसावा. संध्याकाळी तो इसरूच्या ताब्यात जायचा, सकाळी परत यायचा. त्या दिवशी पडदा उजळला, पण फ्लॉपी घातली की आतून खर्रखर्र आवाज यायचा आणि पुढे काही हलायचं नाही.

"पाडलास ना?" मी ओरडलो.

"नाई साहेब." खाली बघतच तो म्हणाला, "हरिदासभाऊले दाखवा ना एकडाव."

हरिदासचं बसस्टँडजवळ रेडिओ आणि पंप दुरुस्तीचं दुकान. पंपवाला कॉम्प्युटर उघडणार, या कल्पनेनंच मला हसू आलं. पण नागपूरच्या कंपनीनं दुरुस्तीला फोनवर दोन महिने सांगितले होते, म्हणून त्याला बोलावलं.

"जयभीम साहेब," म्हणत तो आला आणि खाली बसकण मारली. त्यानं एकही हत्यार काढलं नाही. आधी तांदळाच्या पिठाचा गोळा मागितला. तो पाटावर थापून म्हणाला, "इस्क्रू गेला का मशीन गेली." मग एकेक स्क्रू काढून तो पिठात टोचत गेला, यंत्रात जिथं होता अगदी तिथंच. पाटावर कॉम्प्युटरचा नकाशाच उमटला. माझा राग तिथंच अर्धा ओसरला.

नंतर त्यानं बांबूची काडी घेतली. एक टोक कानाला, दुसरं यंत्राला. "चालू करा. आता मले आयकू द्या." काडी इकडून तिकडे सरकत राहिली. एका जागी थांबली. "इथी अडकून राह्यलं."

यंत्र बंद करून त्यानं चिमट्यानं आतून काहीतरी काढलं आणि पिठावर ठेवलं. धानाचं कुसळ.

मी इसरूकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बियाण्याच्या ढोलीत ठेवत होतो साहेब," तो म्हणाला. "पावसात तेवढीच जागा कोरडी राह्यते."

ढोली म्हणजे बांबूची, शेणानं सारवलेली मोठी कणगी. लाखाचा कॉम्प्युटर या माणसानं धानात पुरला होता! माझा हात खिशातल्या अर्जाकडे गेला.

"साहेब, इकडे या," हरिदास म्हणाला. "आत पाहा. गंजाचा ठिपका आहे का कुठी? आता तुमचा टाइपरायटर पाहा."

टाइपरायटरच्या दांड्या लाल झाल्या होत्या. फायलींना बुरशी होती. कपाटात कुलूप लावून जपलेलं सगळं सडत होतं आणि ढोलीतलं यंत्र आतून लख्ख होतं.

"फडकं बांधाले पायजे होतं, इसरूभाऊ. बाकी काई चुकलं नाई तुमचं."

त्यानं पिठातले स्क्रू उलट्या क्रमानं बसवले. फ्लॉपी घातली. दोन हंगामांचे आकडे पडद्यावर सरसर उतरले. इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो लाजून पाट धुवायला उठला.

मी खिशातला अर्ज काढला आणि इसरूदेखत फाडला. त्या कागदात काय होतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी घरून धुतलेलं धोतर आणलं, कॉम्प्युटरला दुहेरी गुंडाळून स्वतः गाठ मारली आणि इसरूच्या हातात दिला.

"ढोलीत ठेव," मी म्हणालो.