उकालिक ते तासिक, एकसष्ट मिनिटांत

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. माझ्या पायांत चाकांऐवजी लांब पट्ट्या आहेत, म्हणून मी गोठलेल्या तळ्यावरही उतरते. कॅनडाच्या अगदी उत्तरेला उकालिक आणि तासिक या दोन विमानतळांमध्ये मी एकेचाळीस वर्षे ये-जा केली. अंतर दोनशे ऐंशी किलोमीटर. कुत्र्यांच्या गाडीला वाटेत तीन मुक्काम करावे लागत, मला पंच्याऐंशी मिनिटे पुरत. पहिल्या दिवशी अख्खे उकालिक मला बघायला लोटले होते. काय ऐट होती माझी!

मग तासिकला नवे विमान आले. ते चाळीस मिनिटांत पोचे. मला मासळीची खोकी वाहायला ठेवले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एका मार्चमध्ये उकालिकची धावपट्टी बर्फाखाली गेली. मऊ बर्फात नव्या विमानाचे चालेना. नेमकी तेव्हाच आलुक आजींची नात सिकुला बाळंतपणात अडली. बाळ आडवे होते आणि दवाखाना तासिकला. मी मासळीसाठी तळ्यावर उभेच होते.

तासिक विमानतळाचे, दक्षिणेतून नवेच आलेले साहेब रेडिओवर म्हणाले, "दोनला इथे वादळ येतंय. आता पाऊण वाजलाय. तुमच्या त्या डब्याला पंच्याऐंशी मिनिटं लागतात, तक्त्यात लिहिलंय. निघू नका."

आजी गुडघ्यांवर बसल्या. हातमोजा काढून त्यांनी वाऱ्याने बर्फात कोरलेल्या रेघा चाचपल्या.

माझा पायलट नुतारा तिशीचा. पण त्याला आजींच्या वडिलांचे नाव ठेवलेले, आणि तिथे नावाबरोबर माणूसही परत येतो असे मानतात, म्हणून ऐंशीच्या आजी त्याला बाबाच म्हणत.

"बाबा, वारा फिरलाय. जुन्या रेघांवर नव्या उमटल्यात, तोंडं तासिककडे. पाठीवर घ्या त्याला."

"पोरी, नक्की ना? साहेबाचा तक्ता..."

"तक्त्याने कधी बर्फ चाचपलाय का? मागच्या जन्मी मला कुत्र्यांच्या गाडीवरून पाडलंत, आज नातीला पाडू नका म्हणजे झालं!"

सिकुला कण्हता कण्हता हसली. "आधी निघा हो, मग भांडा."

एकाला दहा कमी असताना आम्ही उडालो. वाऱ्याने मला असे रेटले की माझा खिळा न् खिळा कुरकुरला. मी मनात म्हटले, तुटायचे तर उद्या तूट, आज नाही. दोनाला नऊ कमी असताना माझ्या पट्ट्या तासिकला टेकल्या. एकसष्ट मिनिटे! स्ट्रेचर घेऊन साहेब स्वतः धावत आले.

अडीचला त्यांनी उकालिकला थांबलेल्या आजींसाठी रेडिओ बाळाच्या तोंडाशी धरला.

"मुलगी आहे, आजी!"

"कळलं! तिच्या रडण्याने मेलेले पूर्वजसुद्धा उठले असतील."

मित्रांनो, जुन्या यंत्राला हारतुरे नकोत. काम झाले की इंजिनावर गोधडी घाला, एवढेच पुरे. त्या दिवशी ती साहेबांनी घातली, कोणी न सांगता. बाहेर वादळ घोंगावत होते, मी उबेत होते, आणि सिकुलाची लेक त्या वादळापेक्षाही मोठ्याने रडत होती.