इंतीची पहिली बट

रोसाउरानं विचारलं आणि नीलांबरी हो म्हणून बसली, तिथेच चुकलं. आता शनिवारी भर दुपारी, मॉरिसव्हिलच्या त्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये, रिबीन बांधलेली कात्री हातात घ्यायची वेळ आली, तर बाई दाराशीच अडून उभी.

खालच्या मजल्यावरची रोसाउरा पेरूची, कुस्कोकडच्या डोंगरातली. घरीच चार मुलं सांभाळायची. नीलांबरीचा आर्य त्यातलाच एक. ऑफिसातून यायला कितीही उशीर होवो, रोसाउरानं कधी तोंड वाकडं केलं नाही. तिचं स्वतःचं बाळही आर्यच्याच वयाचं. दोघं एकाच चटईवर रांगली, एकाच खुळखुळ्यासाठी भांडली.

"आमच्यात मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत केसांना कात्री लावत नाहीत," रोसाउरानं तेव्हा सांगितलं होतं. "इंका लोकांपासूनची रीत. मग सगळे आपले लोक जमतात, एकेक बट कापतात, बाळाला काहीतरी देतात. पहिली बट मामाची. आणि नाव त्याच वेळी. इथे कागदावर लावावं लागतं म्हणून लावलं, पण घरात कोणी त्या नावानं हाक मारत नाही. तोवर नुसतं वावा. बाळ."

नीलांबरी केवढी हरखली होती! "अगं, आमच्याकडेही जावळ मामाच्या मांडीवरच काढतात!"

पण मामा नागपुरात. मनोहरच्या व्हिसाची तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली. तिचा नवरा यतीन म्हणाला, "यार, त्याला व्हिडिओ कॉलवर घे ना. नाहीतर इथलाच कोणीतरी मानलेला मामा बघू." ऐकेल ती नीलांबरी कसली! "एकुलता एक मामा आहे त्याचा. जावळ निघेल तर मनोहरच्याच मांडीवर." हट्टालाच पेटली. आर्यच्या डोळ्यांवर बट यायची, ती क्लिप लावून द्यायची, आणि पार्कमधले लोक त्याला मुलगी समजायचे.

अकराव्या महिन्यात ताप आला. तीन दिवसांत सगळं संपलं.

एवढासा जीव म्हणून अग्नी दिला नाही, शेजारच्या कॅरी गावातल्या दफनभूमीत ठेवला. डोक्यावरच्या सगळ्या जावळासकट. वेळेवर काढलं असतं तर चार केस डबीत जपून ठेवता आले असते. आता त्याचा म्हणून एक केससुद्धा तिच्यापाशी नव्हता. देवाला दोष देऊन झाला, डॉक्टरांना देऊन झाला, तरी फिरून फिरून तेच मनात यायचं: कशाला थांबले मी?

या गोष्टीला दीड वर्ष झालं, आणि परवा रोसाउरा दारात उभी. "माझ्या भावाला व्हिसा नाही म्हणाले. मी काही थांबणार नाही. पहिली बट तू काप."

"मी? अगं, माझा हात कशाला लावतेस शुभकार्याला?"

"तुझ्या मुलाला मी मांडीवर घेतलं, माझ्या मुलाला तू. आणखी कोणाचा हात लावू?"

नीलांबरीनं मान डोलावली. पण ते "थांबणार नाही" नीलांबरीच्या काळजात रुतून बसलं. इतकं सोपं होतं तर.

आधी सगळे बाहेर हिरवळीवर गेले. रोसाउराच्या आईनं मक्याच्या पेयाचा पहिला घोट जमिनीवर ओतला, धरणीमायचा वाटा म्हणून. मग आत येऊन पोराला खुर्चीत बसवलं. केसांच्या बारीक बारीक वेण्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची रिबीन. नीलांबरीनं आर्यच्या उष्टावणाची चांदीची वाटी त्याच्या मांडीवर ठेवली, लाल रिबिनीची वेणी धरली आणि कापली. मग सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं नाव घेतलं. "इंती." त्यांच्या भाषेत सूर्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं खुदकन हसलं.

रोसाउरानं ताट पुढे केलं. कापलेले केस त्यात ठेवायचे, लोकरीच्या कापडात बांधून घरात जपायचे, अशी रीत. नीलांबरीनं हात ताटावर नेला. मूठ काही उघडेना.

पाठीमागे रांग खोळंबली. यतीन जवळ आला, हळूच म्हणाला, "नीलू, दे ते."

"देते रे. थोडा वेळ फक्त." असं म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. सगळ्या लोकांसमोर, लाजबीज काही न ठेवता. रोसाउराचेही डोळे भरले, पण तिनं ताट मागे घेतलं नाही.

इंतीला वाटलं, खेळ चाललाय. खुर्चीतून वाकून तो तिची बोटं उघडायला लागला. एक उघडलं, दुसरं उघडलं. केवढीशी ती बोटं! मग तिनं स्वतःच मूठ सोडली. वेणी घामानं ओली झाली होती. तिनं ती ताटात ठेवली.

तळव्याला एक केस चिकटून राहिला होता. नीलांबरीनं तो बराच वेळ बघितला. मग चिमटीत धरून तोही ताटात ठेवला. तो तिच्या आर्यचा नव्हता.