शकुबाईची काडी

चैतात खडकवेळच्या बारवेतून पाणी न्यायचं, तर आधी शकुबाईला सरका म्हणावं लागायचं. बारव काही तिच्या बापाची नव्हती. पण बेचाळीस पायऱ्यांच्या त्या विहिरीत उन्हाळ्याचं पाणी तिसाव्या पायरीला लागायचं, आणि नेमक्या त्याच पायरीवर तिच्याकडं पायातला नारू काढून घ्यायला आलेले नारूवाले पाण्यात पाय सोडून ओळीनं बसलेले असायचे. त्यांच्या मधून वाट काढून बायका घागर बुडवायच्या आणि तेच पाणी घरी नेऊन प्यायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाणी वाहतं नसलं तरी थंड होतं, आणि थंड पाणी म्हणजे चांगलं पाणी, असा गावाचा साधा हिशेब होता.

देवळ्याहून चांदवडकडं जाताना डाव्या हाताला हे गाव लागतं. उन्हाळ कांदा काढणीला आला, की खडकवेळमध्ये नारूही निघायला यायचा. घोट्यावर फोड उठायचा, फुटायचा, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड बाहेर काढायचा. मग माणसाच्या पायाची अशी आग व्हायची, की हातातलं खुरपं टाकून तो बारवेकडं धावायचा. शकुबाई त्याला पाण्यात पाय सोडायला लावायची.

"पाणी मागतोय त्यो," ती म्हणायची. "पाणी दिलं की आपसूक भायेर येतो."

आणि तो यायचाही. मग ती तुरीच्या काडीवर त्याचा एक वेढा घ्यायची, फार तर दोन, आणि काडी चिंधीनं पायालाच बांधून टाकायची. बाकीचा उद्या. असा हातभर नारू निघायला पंधरा-वीस दिवस लागत. घाईनं ओढला आणि आत तुटला, की पाय भोपळ्याएवढा सुजायचा. शकुबाईच्या हातून चाळीस वर्षांत एकच नारू तुटला होता. तो तिच्या नवऱ्याच्या गुडघ्यातला होता.

कोंडाजीचा डावा गुडघा तेव्हापासून जो आखडला तो आखडला. सात वर्षांत त्यानं बारवेची एक पायरी उतरली नव्हती. त्याबद्दल तो बायकोला कधी एका शब्दानं बोलला नाही, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण तो रोज बोलायचा.

"गावाचे काढले, सगळे धड निघाले. घरचा तेवढा तुटला," तो म्हणायचा. "घरच्या मान्साचं आसंच आसतं."

शकुबाई ऐकून घ्यायची. पोटी मूलबाळ नव्हतं, रान होतं ते खडकाळ. तरी गावात तिला मान होता, आणि तो तिच्या हाताचा होता. लग्नात तिला पहिला पाट मिळायचा. खळ्यावरचं पहिलं सूप तिच्या पदरात पडायचं. पार चांदवडपासून लोक बैलगाडीत पाय वर करून तिच्याकडं यायचे. हा हात नसता, तर ती कोंडाजी लंगड्याची वांझ बायको झाली असती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या पाडव्यानंतर आठच दिवसांनी नजीर सायकलवरून गावात आला. हा मालेगावचा, आरोग्य खात्यातला. अंगानं बारीक, बोलायला गोड, आणि सायकलच्या कॅरिअरला पांढऱ्या कापडाचा एक गठ्ठा. त्यानं पारावर माणसं गोळा केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बौद्धवाडीत किती नारू निघतात?"

हे कुणी कधी मोजलंच नव्हतं. पाराच्या खाली, जरा बाजूला, बौद्धवाडीतली यशोदाबाई उभी होती. ती म्हणाली, "आमच्यात नाय निघत."

"एकही नाही?"

"माझ्या बघन्यात तं एकबी नाय."

"त्यांचं रगत येगळं आसंल," मागून कुणीतरी बोललं.

यशोदाबाईनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. "रगताचं काय नाय साहेब. बारव आमाला बंद व्हती. मंग आमच्या आज्यानं आड खांदला. त्याला पायऱ्या नायत. वरून पव्हरा टाकायचा न् वढायचा. आत पाय सोडून बसायची सोयच नाय. बारवेत उतरू दिलं आस्तं, तं आमीबी लंगडलो आस्तो. गावानं लय उपकार केले आमच्यावर."

हे ती इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलली, की हसावं का मान खाली घालावी, ते कुणाला कळेना. कोंडाजी तेवढा मोठ्यानं हसला आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

मग नजीरनं खिशातून बाटली काढली. बारवेतलंच पाणी होतं. त्यानं ती उन्हाकडं धरली. पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"नारूवाल्यानं पाण्यात पाय टाकला, की नारू हजारो पिल्लं सोडतो," तो म्हणाला. "हे ठिपके त्या पिल्लांना खातात. ठिपके पाण्यासोबत आपल्या पोटात जातात. ठिपका पोटात मरतो, पिल्लू वाचतं. वर्षभर अंगात वाढतं, मग पायाशी येतं. त्याला डोळे नाहीत, पाय नाहीत. पाण्यापर्यंत जायचं कसं? म्हणून तो तुमचा पाय जाळतो. तुम्हीच त्याला उचलून बारवेत नेता."

"आन् आपल्याला मारून का नाय टाकत?" कोंडाजीनं विचारलं. त्याला या प्रकरणात गोडी वाटायला लागली होती.

"मारलं तर बारवेपर्यंत नेणार कोण, चाचा? पिढ्यान् पिढ्या त्याला हेच बरं पडलंय. माणूस जगला पाहिजे, चालला पाहिजे, फक्त रडत चालला पाहिजे."

"हुशार हाय," कोंडाजी म्हणाला.

शकुबाईचं डोकं मात्र तापलं होतं. ती उठून पुढं आली. "पाणी मागतो ते मला शिकिवतो व्हय? तुझी आई परकर घालत व्हती तवापून मी काडी फिरिवते. म्हंजी मीच गावाला नारू पाजला, आसं म्हन्तो का तू?"

"मावशी, तसं नाही..."

"मंग कसं?"

तो म्हणत होता ते खरं तर तसंच होतं. शकुबाईनं त्याच्या हातातली बाटली हिसकली, बूच काढलं आणि सगळ्या गावादेखत घटाघटा पिऊन टाकली. उलटी करून दाखवली.

"घे. पेले तुझे ठिपके. आता सांग, कुटून निंगल नारू?"

नजीरचा चेहरा उतरला. "कुठून ते नाही सांगता येत मावशी," तो हळू म्हणाला. "कधी, ते सांगतो. पुढच्या चैतात." आणि त्यानं वहीत तारीख लिहून घेतली.

गाव काही एका बाटलीवर विश्वास ठेवणारं नव्हतं. बारवेत औषध टाकू द्यायला सगळ्यांनी साफ नकार दिला, कारण आत साती आसरा देवींचं ठाणं होतं आणि त्यांना वास चालला नसता. पण कापड फुकट होतं. शेवटी असं ठरलं, की वर्षभर पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि नारूवाल्यानं बारवेत उतरायचं नाही. शकुबाईनंही मान डोलावली. पुढच्या चैतात माणसं ओळीनं तिच्या दारात येतील आणि हा पोरगा सायकल फिरवून जाईल, याची तिला खात्री होती. नाही आली तर काय, याचा विचार तिनं केला नाही.

घरचं पाणी कोंडाजीच गाळायला लागला. दारात बसून तो घागरीच्या तोंडाला कापड बांधायचा, धारेनं पाणी ओतायचा आणि कापडावर उरलेले ठिपके येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. सात वर्षांनी त्याला हातात काम मिळालं होतं. शकुबाईनं त्याला अडवलं नाही. तेवढाच तिच्या मागचा एक व्याप कमी झाला.

फाल्गुनात तीन नारू निघाले. शकुबाई काडी घेऊन तयारच बसली होती. "निंगले का नाय?" ती म्हणाली. नजीर म्हणाला, "हे माझ्या येण्याच्या आधी प्यायलेले." तिनं त्या तिघांना घरासमोर कोरड्यात बसवून नारू काढले, मनाविरुद्ध, पण काढले.

मग चैत आला. कांदा काढणीला माणसं दोन्ही पायांनी चालत रानात गेली. पहिल्या आठवड्यात दारात कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. शकुबाई उंबऱ्यावर बसून तुरीच्या काड्या तासत राहिली. येणारी-जाणारी बाई "काय शकुबाई, निवांत?" असं विचारायची. आणि तिचा जीव आतून पोखरला जात होता. कारण नजीरचं पाण्याचं म्हणणं खरं ठरलं, तर चाळीस वर्षं तिनं गावाचे नारू काढले नव्हते. दर चैताला पुढच्या चैताचे पेरले होते.

त्या आठवड्याच्या शेवटी तिच्या उजव्या घोट्यावर फोड आला.

तिनं लुगडं खाली ओढलं आणि कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस सरळ चालायचा प्रयत्न केला. चौथ्या दिवशी टळटळीत दुपारी फोड फुटला. तोवर हजार माणसांच्या तोंडून ऐकलेली आग तिला पहिल्यांदा स्वतःच्या पायात कळली. गाव रानात होतं. बारव शंभर पावलांवर होती. ती कशी उठली आणि कधी पायऱ्या उतरायला लागली, हे तिचं तिलाही समजलं नाही.

एकोणतिसाव्या पायरीवर ती बसली. खाली पाणी होतं, हिरवं, गार. पाय सोडला की झालं. हे सुख तिनं आजवर किती जणांना दिलं होतं. कुणी बघायला नव्हतं. तिनं पाय पुढं केला आणि पाण्याच्या वर तसाच धरून ठेवला. आग डोक्यापर्यंत चढत होती.

वरून खरडत काहीतरी येत असल्याचा आवाज झाला. कोंडाजी होता. ताठ पाय पुढं काढून, बुडावर बसत, एकेक पायरी तो खाली येत होता. हातात कळशी होती, ती प्रत्येक पायरीला आपटत होती.

"लंगडत निंगाली तवाच वळखलं," तो धापा टाकत म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

"बाटलीतला हाय," ती म्हणाली.

"बाटलीतलाच. घरातला नाय. घरातलं मी गाळलंय."

"आवं, लय आग व्हतीय. टाकू का पाय?"

"तुझा पाय. मला काय इचारती? माझा टाकला तवा कुटं इचारलं व्हतं?"

तेव्हा मात्र शकुबाईला रडू फुटलं. चाळीस वर्षांत बारवेत रडणारी माणसं तिनं गप्प केली होती, पण स्वतःला गप्प करणं तिला येईना. "तुमचा गुडघा मीच घालिवला," ती म्हणाली. "दर साली मीच तुमाला हितं बशिवलं."

कोंडाजीनं कळशी पुढ्यात ओढली. "तू कशाला घालिवतीस," तो म्हणाला. "तू त्याचं ऐकत व्हतीस, मी तुझं ऐकत व्हतो. आता आज नको ऐकू त्याचं. उठ."

तिनं पाय मागं घेतला.

त्यानं कळशी भरली. एकीचा उजवा पाय धड नाही, एकाचा डावा. एकमेकांच्या खांद्याला धरून दोघं वर आले, आणि त्या पायऱ्यांना त्यांना घटकाभर लागली. वर आल्यावर बारवेपासून लांब, निंबाखालच्या मुरमाड जमिनीवर तिला बसवून कोंडाजीनं फेट्याचं टोक कळशीच्या तोंडाला धरलं.

"आता पायावर वतायला गाळून कशाला?"

"सवय लागली," तो म्हणाला आणि पाणी ओतलं. ते मुरमात जिरून गेलं.

नारू बाहेर आला. शकुबाईनं कनवटीची तुरीची काडी काढून त्याच्या हातात दिली. इतक्या आगीत स्वतःचा नारू स्वतःला काढता आला नसता. "एकच येढा घ्या," ती म्हणाली. "वढायचं नाय. त्यो येतो तेवढाच घ्यायचा. घाई केली आन् तुटला, तं..."

"तुटला तं काय व्हतं, ते मला म्हायती हाय," कोंडाजी म्हणाला.

एकोणीस दिवस त्यानं रोज एक वेढा घेतला. विसाव्या दिवशी सगळा निघाला, अखंड. शकुबाईनं तो चुलीत टाकला. नजीर आला, त्यानं वहीत मागच्या वर्षीची तारीख काढून बघितली, तिच्यापुढं आजची तारीख लिहिली आणि वही मिटली.

त्यानंतर खडकवेळमध्ये नारू निघाला नाही. पण त्यानंतरच्या मोसमात लग्नं होती, आणि पहिला पाट कुणाला द्यायचा हा प्रश्न होता. गावानं तो कोंडाजीला दिला. शकुबाईचा चाळीस वर्षांत एक तुटला होता. कोंडाजीनं जन्मात एकच काढला आणि तोही अखंड, त्यामुळं त्याच्या हाताला गुण आहे, हे सगळ्यांना पटलं. आता दुसरा नारू यायचाच नव्हता, म्हणजे तो गुण कधी जायचाही नव्हता.

कोंडाजी ताठ पाय पुढं काढून पहिल्या पाटावर बसतो. शकुबाई मागं, बायकांच्या पंगतीत बसते. पाणी वाढायला आलं, की ती आधी विचारते, "गाळलंय का गं?" मगच पिते.