टॉर्च पोहोचला तिथवर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गोडगोड गोष्ट हवी असेल तर भिंतीवरच्या घड्याळाला विचारा.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या थंडगार माताउरा गावातल्या एका लाकडी घराच्या आतल्या बोळात, छताला एक चौकोनी भोक आहे. तिथून माळ्यावर जाता येते. त्या भोकावर मी बसते. शंभर वर्षांपूर्वी एका सुताराने मला रिमू नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडातून कापले, माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला इथे बसवले. माझे पोट खाली घराकडे, पाठ वर माळ्याकडे. खाली माणसे काय बोलतात ते मला ऐकू येते आणि वर खरे काय आहे ते मला दिसते. पण मला विचारतो कोण?

वर काहीच नव्हते. पत्रा, धूळ आणि उंदराच्या लेंड्या. खाली शेगडी पेटली की ऊब छताच्या फटींतून वर यायची आणि पत्र्यातून बाहेर निघून जायची. कितीतरी कुटुंबे इथे कुडकुडली आणि घर सोडून गेली. तेव्हा मला नुसते वाईट वाटायचे. राग आला तो रॉय टलॉकमुळे.

टलॉक आमचा घरमालक. भाड्याच्या प्रत्येक घराच्या छतावर ऊब धरणारी काचेची लोकर घातलीच पाहिजे, असा कायदा झाला. तेव्हा तो शिडी लावून वर आला. त्याच्याजवळ छोट्या गाद्यांसारखे बारा तुकडे होते. बाकीचे मागून येतील असे मला वाटले. त्याने ते बारा माझ्याभोवती मांडले, कडेचे दुमडून जरा उंच केले आणि शिडीवर उभे राहून टॉर्च फिरवला. पलीकडचा उघडा माळा दिसेना. "झालं काम," असे म्हणून तो उतरला. मग त्याने मला पांढरा रंग दिला. फक्त मला.

तपासणीला आलेल्या बाईंनी शिडीवरून मान तेवढी वर काढली. "अगदी छान! फळीसुद्धा किती स्वच्छ ठेवलीय!" त्या म्हणाल्या. मित्रांनो, शंभर वर्षांत माझी तेवढीच स्तुती झाली, आणि तीही लबाडीपायी. मला स्वतःची लाज वाटली.

नंतर इथे मासिना राहायला आली. ती मटणाच्या कारखान्यात काम करते. बरोबर तिचे वडील तानिएलू होते. ते सामोआच्या उबदार बेटांवरून आले होते आणि त्यांची छाती नाजूक होती. गोठलेले दव त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. रोज सकाळी ते अंगणात जाऊन बघत आणि आनंदाने आत येत.

"पोरी, सगळ्यांची छपरं खोबरं किसून टाकल्यासारखी पांढरी झालीत. आपलंच तेवढं कोरडं! देवाचा हात आहे गं आपल्या घरावर!"

"असेल बाबा. पण तुम्ही आधी मोजे घाला."

मी वर बसून चरफडत होते. हात कसला डोंबलाचा!

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, तानिएलूंना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, घर उबदार असल्याशिवाय यांना घरी न्यायचे नाही, पुन्हा असे झाले तर ते वाचायचे नाहीत. समोरच्या नोलाबाई गरम चीज रोल घेऊन आल्या, तेव्हा मासिनाने बोळातच रडत रडत त्यांना हे सांगितले. देवाच्या हाताचेही सांगितले.

नोलाबाई हसल्या नाहीत. "अगं वेडे, ज्याच्या छपरावर दव टिकतं ना, त्याची ऊब घरात राहते. तुझा हीटर पत्रा तापवतोय."

मासिनाने शिडी आणली, मला बाजूला सारले आणि ती पूर्ण आत शिरली. एवढ्या वर्षांत माळ्यावर रांगणारी ती पहिलीच! तिने फोटो काढले, एक तुकडा काखेत मारला आणि टलॉकला बोलावून घेतले.

तो आला तोच ओरडत. "माळ्यावर जायचं नाही, असं करारात लिहिलंय!"

"का लिहिलंय, ते आज कळलं. हे असे बाराच आहेत, मिस्टर टलॉक."

"माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. तुम्हा बेटावरच्या लोकांना थंडीच जास्त वाजते. म्हाताऱ्याला दोन स्वेटर चढव."

मासिनाचा आवाज एकदम खाली आला. "म्हातारा कोणाला म्हणतोस रे? माझा बाप आहे तो. जा, त्याच्या खोलीत हीटर लावलाय. कोट काढ आणि तासभर बसून दाखव."

"मला वेळ नाही."

"मग इथेच थांब. तपासणीच्या बाईंनाही मी बोलावलंय. आज नुसती मान नाही, त्या अख्ख्या वर जाणार आहेत."

"दुसरं घर मिळतं का बघ मग!" असे म्हणत टलॉक घाईघाईने शिडी चढू लागला. काय लपवणार होता कोण जाणे. मी भोकाच्या काठाशी तिरपी टेकलेली होते. त्याचा खांदा मला लागला आणि मी घसरले ती थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर. मुद्दाम पडले असे मी म्हणणार नाही. पण सावरायचे मी मनावरही घेतले नाही.

तो लंगडत शिव्या देत असतानाच बाई आल्या. त्या वर गेल्या, पार कोपऱ्यापर्यंत. उतरल्या तेव्हा त्यांचे गुडघे काळे झाले होते आणि चेहरा लाल. आठवड्याच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड लोकर पसरली गेली.

तानिएलू घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गेले आणि त्यांची हाक आली, "पोरी, लवकर ये! आपलंही छप्पर पांढरं झालं! देवाने हात काढून घेतला गं!"

मासिना हसत होती आणि डोळे पुसत होती. "नाही बाबा. आत या. घरात या बघू, हात कुठे आहे ते कळेल."

ते बोळात माझ्याखाली येऊन उभे राहिले. मग त्यांनी गळ्यातला मफलर काढून खुंटीला टांगला. त्या घरात तो पहिल्यांदाच उतरला होता.

मित्रांनो, टलॉकला मी क्षमा केलेली नाही. तुम्हीही मान वर काढून "छान" म्हणणाऱ्यांतले होऊ नका. आत शिरा, गुडघे मळू द्या. टलॉकची गावात आणखी तीन घरे आहेत, आणि तिथल्या फळ्याही नुकत्याच पांढऱ्या रंगवल्या आहेत, असे नोलाबाई सांगत होत्या. कोणीतरी शिडी घेऊन जा.