सासूचं पत्र

‘लिहिल्याशिवाय कादंबरी कळत नाही’, हे वाक्य सरांनी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि हात झटकले. पद्धत त्यांची स्वतःची होती. नेमलेल्या कादंबरीतलं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीने पत्र लिहायचं. प्राचार्यांनी सभेत या पद्धतीचं कौतुकही केलं होतं. सरांना मात्र ती कादंबरी वाचून बावीस वर्षं झाली होती. शिकवायला टिपणं पुरत होती.

मग त्यांनी जमा झालेल्या वह्यांच्या गठ्ठ्यातली एक वही उचलली आणि मोठ्याने वाचू लागले. घर सोडून गेलेल्या सुनेला सासूचं पत्र होतं. ‘तू निघालीस तेव्हा मी जागीच होते. दाराची कडी मीच काढून ठेवली होती.’

“ही सासू दुसऱ्या प्रकरणात वारली,” सर म्हणाले. “कडी काढायला वरून खाली आली असावी.”

वर्ग खदखदून हसला. पहिल्या बाकावरची मुलगी तेवढी हसली नाही. वही तिची होती. तास संपेपर्यंत तिचं नाव ‘भुताटकी’ पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत आली.

“सही हवी होती, सर. विषय बदलायचाय.”

“कुठला घेतेयस?”

“भूगोल.”

“अगं, थट्टा केली मी. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?”

“थट्टेचं काही नाही, सर.” तिने फॉर्म पुढे सरकवला. “पण सासू मरत नाही. मरते ती आत्या. मी तीनदा बघितलं.”

कादंबरी सरांच्या कोपराशीच होती. शेजारी पेपर तपासणाऱ्या इतिहासाच्या बाईंचं पेन थांबलं. पुस्तक उघडण्यापेक्षा सही सोपी होती. सरांनी सही केली.

“नकाशे नीट काढ हो,” ते म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

“हो, सर.”

ती गेल्यावर बाई मान वर न करता म्हणाल्या, “आत्याच मरते हो. आम्हालाही हीच कादंबरी होती.”

सरांनी त्या दुपारी कादंबरी पहिल्या पानापासून वाचली. आत्या मेली. सासू शेवटपर्यंत जगली. बोलली फारसं नाही, इतकंच. शेवटच्या पानावर सून अंधारात दाराशी जाते, कडी चाचपते, तर कडी आधीच निघालेली. कोणी काढली, ते पुस्तकात नाही. सरांच्या टिपणात मात्र होतं : ‘कडी – लेखकाची नजरचूक.’ त्यांनी टिपणांची वही मिटली. उघडली. परत मिटली.

माफी तिच्यासमोरच मागायची, असं त्यांनी ठरवलं. कुठलाही फॉर्म ऑफिसात आठवडाभर तरी पडून राहतो, या भरवशावर ते सकाळी वर्गात शिरले. पहिल्या बाकावर जागा रिकामी होती. ऑफिसने यावेळी काम एका दिवसात केलं होतं. पण थट्टा याच वर्गासमोर झाली होती.

“परवा ते पत्र वाचून मी थट्टा केली,” सर म्हणाले. कान तापले होते. “सासू जिवंत आहे. चूक माझी. मी पुस्तक वाचलं नव्हतं.”

मागून एक हात वर आला.

“सर, कुठली सासू?”

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. “कादंबरी कोणीकोणी वाचलीय?”

बेचाळीस जण खाली बघत होते. त्रेचाळिसावी वरच्या मजल्यावर भूगोलाच्या तासाला बसली होती.