गाठवाल्या माईचा उपास

हॉलच्या दारापासून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत बायकाच बायका, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आत गाठवाली माई एकेकीच्या कमरेला काळा दोरा बांधत माईकवरून गरजत होती, "सात गाठी, सात कुलपं! रोज सूर्य मावळेपर्यंत कडक उपास. पाण्याचा थेंब जिभेला लागला तर कुलूप उघडेल, आणि दोष तुझा!"

म्हणजे गुण आला तर माईचा, नाही आला तर बाईचा! मला हसू फुटलं. ताईने माझा हात घट्ट दाबला. "हसू नकोस गं. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला. ती इस्त्रीच्या टेबलावर, मी घड्या घालायला. दुसऱ्या बाळंतपणापासून तिला लघवी आवरत नव्हती. शिंकली, हसली, ओल्या चादरींची टोपली उचलली, की कपडे भिजायचे. तिने नातेवाइकांकडे जाणं सोडलं होतं. नवऱ्यापासून वेगळी निजायची. एकदा मुकादमबाईने सगळ्यांदेखत नाक मुरडून विचारलं, "वास कुठून येतोय?" त्या दिवशी ताई मला म्हणाली, "जीव नकोसा झालाय."

आणि दोऱ्याने चमत्कार केला की! पहिला दिवस कोरडा. दुसराही कोरडा. ताई आनंदाने रडली, आणि मीच खजील झाले.

पाचव्या दिवशी दुपारी, वाफेने कोंदलेल्या खोलीत, हातात इस्त्री असतानाच ती कोसळली. मनगट भाजलं.

दवाखान्यात सलाइन लावलं. दोन बाटल्या आत गेल्या, ताई खोकली आणि चादर भिजली. दोरा मुठीत धरून तिने हंबरडा फोडला, "कुलूप उघडलं! माझंच चुकलं!"

नर्सबाई चादर बदलता बदलता म्हणाल्या, "पाच दिवस दिवसभर पाणी नाही प्यायलात? अहो, माठ रिकामा असेल तर गळणार काय? त्यात दोऱ्याची कसली करामत!"

ताईने मुठीतल्या दोऱ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मग मी अशीच मरू का?"

"मरताय कशाला? बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात, त्यांना व्यायाम लागतो. लघवी आणि वारा एकदम रोखताना जे आवळतं, ते आत, वर ओढा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू ठेवायचा. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं. पण तीन महिने लागतील हं."

महिनाभर काही फरक नाही. ताई रोज म्हणायची, "सोडते आता." मी म्हणायचे, "आजचा दिवस कर." शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर ही नुसतं पोटच आवळत होती! चूक सुधारली. त्यानंतर सातव्या आठवड्यात ताई भरली टोपली उचलून उभी राहिली, आणि तशीच थबकली. कोरडी होती.

आजही जोराच्या खोकल्याला कधी थेंब जातो. पण परवा कपडे बदलायच्या खोलीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "वास माझाच यायचा. मला लघवी गळायची."

 मग गाठोडी बांधणारी म्हातारी बाकावर बसली. "बावीस वर्षं मी हेच लपवतेय," ती म्हणाली. "सांग, कसं आवळायचं ते."

बायांनो, हे दुखणं आहे, पाप नाही. तहान लागली की पाणी प्या. आणि दवाखान्यात जाऊन तोंड उघडा.